बोअरच्या पाण्याचे डाग

"अजून पानाकडं फिरकले नायत," सकुबाई म्हणाली आणि पदरानं वारा घेत पुन्हा वाळूत बसली.

नदीकाठच्या उंबरासमोर केळीच्या पानावर भात, वडे आणि वरण वाढून बराच वेळ झाला होता. कोंडू रुसला होता. कोंडू जेवल्याशिवाय घरातलं कुणीच जेवणार नव्हतं, अगदी कल्याणहून आलेले जावईसुद्धा. ते बिचारे एका दगडावर बसून झाकलेल्या पातेल्यांकडे पाहत होते.

मनधरणी करून सगळे थकले होते. कोंडूच्या धाकट्या भावानं, नथूनं, बांधावरच्या आंब्याचा हक्क चारचौघांत सोडून दिला. त्या आंब्यापायी दोघा भावांनी कित्येक वर्षं एकमेकांच्या दारात चहा घेतला नव्हता. कोंडूच्या बायकोनं, सकुबाईनं, हात जोडून सांगितलं, म्हैस विकणार नाय. कोंडू काही बधला नाही. हट्ट करावा तर त्यानंच, हे वैशाखरे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

शेवटी नथूची नजर फियाटवर गेली. जेवणाची भांडी तिच्यातूनच आली होती. गाडी काळी, पण टपापासून बॉनेटपर्यंत तिच्यावर पांढरे गोल डाग पडलेले, तांब्याच्या हंड्यावर पडतात तसे.

"अनंता, ही गाडी कशानं धुतलीस रे?"

"बोअरच्या पाण्यानं, काका."

"मग दादा कसा जेवंल? त्याच्या गाडीची ही दशा केलीस, नि वर त्याला जेव म्हनतोस?"

कोंडूच्या एकुलत्या एका मुलानं मान खाली घातली. लग्नसराईत धसईपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत नवरदेव न्यायचा मान या फियाटचा. गाडीवर पाणी पडायचं ते नदीचंच, तेही सावलीत, आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं, हा कोंडूचा दंडक. बोअरचं पाणी जड, वाळलं की मागं क्षार ठेवून जातं. पण गेला आठवडाभर घरात माणसांची ये-जा चालू होती. गाडी नदीवर न्यायला सवड कुणाला? अनंतानं पाइप लावला आणि गाडी उन्हात तशीच सोडून दिली.

त्याला डागांपेक्षा दुसरंच काही खात होतं. हा डबा विकून सिक्स-सीटर घेऊ, असं तो बापाला तोंडावर बोलला होता. कोंडू ताटावरून उठून गेला होता. त्यानंतर बाप त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. बापानं आपल्यावरचा राग सोडावा, एवढंच अनंताला हवं होतं. बाकी सगळी दुनिया गेली खड्ड्यात.

त्याची बायको रंजिता डिकीतून बाटली घेऊन आली. मुरबाडच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं म्हणून तिनं तिथल्या चायनीजच्या गाडीवरून परवाच व्हिनेगर आणवलं होतं.

"निम्मं हे, निम्मं पानी," ती म्हणाली. "आनि सावकाश घासा. मामांना धसमुसळेपना खपत नाय."

अनंतानं गाडी ढकलत उंबराच्या सावलीत घेतली. डोक्याला कोरा टॉवेल गुंडाळला. जुनं मऊ बनियन व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून त्यानं दारावर अंथरलं, थोडा वेळ तसंच राहू दिलं, मग हलक्या हातानं फिरवलं. डाग आधी धूसर झाले, मग नाहीसे झाले. सुकायच्या आत त्यानं नदीचं पाणी ओतलं आणि कोरड्या फडक्यानं टिपून घेतलं. एक दार झालं, दुसरं झालं.

दुपार जड झाली. पलीकडे माळशेजचे डोंगर निळ्या धुरात तरंगत होते. पोरं आयांच्या मांडीवर झोपली, जावईही दगडावरच डुलकी घेऊ लागले. व्हिनेगरचा आंबूस वास आणि भाताचा वास एकत्र होऊन नदीवर पसरला होता. अनंताला कुणाचं बोलणं ऐकू येईना. फडकं धरलेला हात आपला नाही, बापाचाच आहे, असं त्याला वाटू लागलं. गोल गोल, खालून वर, घाई नाही. त्याला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

बॉनेट शेवटी राहिलं. तिथले डाग मुरलेले होते, पण तेही निघाले. त्या काळ्या पत्र्यात आता आख्खं आभाळ उतरलं, उंबराच्या फांद्यांसकट.

अनंता वाकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलला, "बा, गाडी नाय विकत. मीच चालवीन. नवरदेव हिच्यातूनच जातील. चुकलं माझं. जेव आता."

फक्त आभाळाच्या मधोमध एक डाग उरला होता, काळा. अनंतानं त्यावर फडकं फिरवलं. डाग गेला नाही. पुन्हा व्हिनेगर लावलं, अंगठ्यानं घासलं.

डाग हलला. मोठा होत होत तो बॉनेटच्या कडेकडे सरकला आणि दिसेनासा झाला.

पाठीमागं पंखांची फडफड झाली. वळून बघायची अनंताची छाती होईना.

"शिवला!" नथू ओरडला. "अनंता, दादा शिवला रे!"

पानावर उतरलेला कावळा भातात चोच घालत होता, आणि दहा दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली सकुबाई हमसून हमसून रडू लागली.