साक्षीदाराचं घर

समोरचं दार उघडलं तशी आशाबाईंनी मान फिरवली. दीड वर्षात त्यांनी त्या दाराकडं सरळ पाहिलं नव्हतं. आज तर पाहायचं कारणच उरलं नव्हतं. टेम्पोत कपाट चढलं होतं, भांड्यांची पोती चढली होती. पलंग तेवढा राहिला होता. सोमवारी घर घेणाऱ्या बद्रीनाथच्या नावानं रजिस्ट्री झाली, की बिडकीन गावाशी संबंध संपला.

दिवाळीपासून दोघं नवरा-बायको शहरात, गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये राहत होते. लेक सोनिया शेजारच्याच इमारतीत होती. तिनं पडदे लावून दिले, देवांसाठी भिंतीला फळी ठोकून दिली. सामान मात्र थोडं थोडं करून न्यायचं चाललं होतं. आशाबाईंना लिफ्टची भीती वाटायची, त्या जिन्यानंच चढायच्या. तिथं त्यांचा जीव रमत नव्हता. पण काकासाहेबांना तिथं झोप लागत होती. इथं ते पहाटेपर्यंत ओट्यावर बसून असायचे. नवऱ्याचा डोळा लागतो, एवढ्याच एका गोष्टीसाठी आशाबाई घर विकायला तयार झाल्या होत्या.

त्यांचा पोरगा गोकुळ समोरच्या उंबऱ्यात मेला होता.

समोरचा शिवराज दारू पिऊन बायकोला, मोनिकाला मारायचा. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. गल्ली दारं लावून घ्यायची. त्या संध्याकाळी मोनिकाचं ओरडणं थांबेचना, तेव्हा गोकुळ ताटावरून उठला. "नवरा-बायकोच्या भांडणात पडू नको रे," आशाबाई म्हणाल्या. तो हात न धुताच गेला. शिवराजनं बायकोवर पहार उगारली होती. गोकुळ मधे पडला आणि ती त्याच्या डोक्यात बसली. आशाबाईंनी ते आपल्या दारातून पाहिलं. पोलिसांत पहिला जबाब त्यांनीच दिला.

तेराव्याला मोनिका आली होती. आशाबाईंनी तिला सगळ्यांसमोर हाकलून दिलं. त्यानंतर दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. शिवराज पुढं जामिनावर सुटला आणि गंगापूरला बहिणीकडं राहू लागला.

आज मोनिका गल्ली ओलांडून थेट टेम्पोपाशी आली.

"मावशी, घर विकू नका."

काकासाहेब दोरी आवळता आवळता थांबले. निरोप द्यायला ओट्यांवर जमलेल्या बाया पुढं सरकून ऐकू लागल्या.

"तू सांगणार मला?" आशाबाई म्हणाल्या.

"तुम्ही साक्षीदार. तुमचं घर समोर हाय म्हणून कोर्टानं त्याला गावात यायला बंदी घातलीय. हे घर विकलंत, की त्याचा वकील अर्ज टाकणार हाय. साक्षीदारच गावात ऱ्हायले नाहीत, आता बंदी उठवा म्हणून." मोनिकाला धाप लागली होती. "काल नणंदेचा फोन आला. म्हणली, दादा येतोय, घर आवरून ठेव."

"मग येऊ दे. तुझाच नवरा हाय."

"मीबी त्याच्याविरुद्ध जबाब दिलाय, मावशी. तो मला जित्ती ठेवणार नाय."

"दुसरीकडं जा कुठंतरी."

"गेले नव्हते का? माहेरी जाऊन पाहिलं. वाळूजला खोली घेऊन पाहिलं. दोन्हीकडून केसाला धरून आणलं त्यानं. सगळ्या दुनियेत ही एकच गल्ली हाय, जिथं त्याला पाय ठेवता येत नाय. अन् ती तुमच्यामुळं."

आशाबाई जाऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि टेम्पोचं दार ओढून घेतलं.

मोनिका ओट्यांवरच्या बायांकडं वळली. "तुम्ही तरी सांगा ना यांना कुणी."

एकीला गॅसवरचं दूध आठवलं. दुसरी सूप उचलून उठली. तिसरीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली बघत घरात गेली. बघता बघता ओटे रिकामे झाले. एकामागून एक कड्या लागल्या.

आशाबाईंनी बसल्या जागी त्या ऐकल्या. त्या संध्याकाळीही अशाच लागल्या होत्या.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. आशाबाई खाली उतरल्या.

"पलंग राहू द्या," त्या हमालांना म्हणाल्या. "अन् एक भांड्याचं पोतं खाली घ्या."

काकासाहेब त्यांच्याकडं बघत राहिले. "असं काय करती? सोमवारी रजिस्ट्री हाय."

"बद्रीनाथला नाय म्हणून सांगा. तुम्ही जावा गारखेड्याला. सोनियाकडं जेवत जावा. तिथं झोप लागती तुम्हाला."

"अन् तू?"

"मी हितंच."

"एकटी?"

आशाबाईंनी भांड्याच्या पोत्याला हात घातला. काकासाहेबांच्या हातातली दोरी सुटली. गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते ओरडले, "हिच्यापायी आपला पोरगा गेला. अन् हिच्यासाठी तू या घरात राहणार?"

मोनिका पुढं येऊन पाया पडायला वाकली. आशाबाईंनी पाय मागं घेतले.

"तिचं तोंड बघायची इच्छा नाय मला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पण आज मी गेले, तर माझा गोकुळ फुकट मेला."