शून्य दिवसांचं वर्तुळ

या, जरा पुढं सरकून बसा. गोष्ट छोटीच आहे, पण मन लावून ऐका. निवृत्त झालेली एक नर्स संगणकावर बोट लावताच माहिती दाखवणारे तक्ते बनवायला शिकत होती. शिकवणारा तिच्या मुलाच्या वयाचा. तो तिला सिस्टर म्हणे, ती त्याला सर. तिनं आपल्या वॉर्डात दगावलेल्या बाळांचा तक्ता मांडला. एका बाळाचं एक वर्तुळ, जितके दिवस जगलं तितकं मोठं; बोट ठेवलं की नाव उमटायचं. आईबापांच्याच विनंतीवरून उद्या तो इस्पितळाच्या दालनात लागणार होता.

"सर, नोंदी दोनशे बारा आहेत. वर्तुळं दोनशे अकराच दिसतात हो."

सरांनी यादी चाळली. "ही बघा, तासाभरातच गेलेली. आयुष्य शून्य दिवस, म्हणून वर्तुळही शून्य. जाऊ द्या सिस्टर, एवढ्या गर्दीत कोण मोजत बसणार?"

"तिची आई. बाकीची सगळी सोडून ती हेच शोधेल."

सरांनी खुर्ची जवळ ओढली, आणि सगळ्यात लहान वर्तुळही निदान मोहरीएवढं दिसावं, अशी संगणकाला सूचना देणारी एक ओळ दोघांनी मिळून लिहिली. पडद्यावर एक ठिपका उगवला. सरांनी त्यावर बोट ठेवलं. नावाची जागा कोरी होती.

"इथं काय लिहायचं?"

सिस्टरनं एकेक अक्षर शोधत टाइप केलं, 'रडली होती. मी ऐकलं.'

आज देवापुढं हात जोडाल ना, तेव्हा त्या बिननावाच्या लेकीची एकदा आठवण काढा.