सोळा फूट जमीन

"घंटेला तडा गेलेला नाही," गॅरीने तिसऱ्यांदा सांगितलं.

त्याच्या मागे, रस्त्यापलीकडे, काचेआड अमेरिकेच्या स्वातंत्र्याची घंटा टांगलेली होती आणि तिला चांगला हातभर तडा गेलेला होता. वीस-पंचवीस पर्यटक एकदा घंटेकडे, एकदा गॅरीकडे बघत होते. पण गॅरी १७७६ सालात होता, आणि त्या साली घंटा धडधाकट होती. जुलैच्या उन्हात अंगात लोकरीचा कोट, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, सोंगातलं नाव जोसाया पेनीवेल, धंदा छापखान्यात कारकुनी. फिलाडेल्फियाची ही फेरी संपेपर्यंत त्या सालातून बाहेर यायचं नाही, असा कंपनीचा नियम. गॅरीने तो दोनदा मोडला होता. एकदा एका म्हातारीला स्वच्छतागृह दाखवलं. एकदा गांधीलमाशी चावली आणि तोंडून विसाव्या शतकातली शिवी गेली. तिसऱ्या खेपेला नोकरी जाणार होती. कंपनीचा गुप्त तपासनीस कुठल्याही घोळक्यात असू शकतो, आणि आज ओहायोहून आलेला एक टोपीवाला जरा जास्तच प्रश्न विचारत होता.

मोबाइल कपाटात ठेवून यावं लागतं. सकाळी तो ठेवता ठेवताच वहिनीचा फोन आला होता. गॅरीचा थोरला भाऊ लेनी आठवडाभर नदीपलीकडच्या इस्पितळात होता.

"आज ये," वहिनी म्हणाली. "तो तुझं नाव घेतोय."

"शिव्या घालतोय का?"

"त्याही घालतोय. पण ये."

"दोनची फेरी उरकून येतो."

सहा वर्षं दोघं बोलले नव्हते. त्यात आणखी काही तास. असा गॅरीचा हिशोब होता.

भांडण खुर्चीवरून झालं होतं. त्यांच्या गल्लीत बर्फ पडला की ज्याने फावड्याने गाडीपुरती जागा मोकळी केली, तो तिथे घरातली एखादी खुर्ची ठेवून कामाला जातो. ती खुर्ची कोणी हलवत नाही. जे देवाला मानत नाहीत तेही खुर्चीला मानतात. लेनीने पाठीला पट्टा बांधून अख्खी सकाळ बर्फ उपसला होता. गॅरीने खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि आपली गाडी लावली. वर आईसमोर सांगितलं, खुर्ची नव्हतीच. पुढे लेनी घर विकून नदीपलीकडे राहायला गेला. इस्पितळात एकच वाक्य बोलायचं, असं गॅरीने ठरवलं होतं. सकाळच्या फेरीनंतर त्याने ते चार-पाच वेळा म्हणूनही पाहिलं होतं.

तेवढ्यात कंपनीच्या कचेरीकडून डोलोरेस धावत आली. ती मेणबत्त्या करणाऱ्या विधवेचं काम करायची, आणि त्या विधवेने अडीचशे वर्षांत कधी पावलं भरभर उचलली नव्हती. घागरा दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत धरलेला, तोंड लालबुंद. तिने गॅरीकडे पाहिलं. मग टोपीवाल्याकडे पाहिलं. गॅरीच्या नोकरीचं तिला माहीत होतं. तिने घागरा खाली सोडला.

"पेनीवेल महाशय," ती म्हणाली, "नदीपलीकडून निरोप आहे."

"बोला, बाई."

"आपले बंधू." तिने मान खाली घातली. "अर्ध्या तासापूर्वी गेले."

कोणीतरी मोबाइल वर धरला. गॅरीचा हात टोप काढायला डोक्याकडे गेला. तिथे पोचल्यावर त्याने टोप सारखा केला.

"कोणत्या बाजूचे होते हो तुमचे भाऊ?" टोपीवाल्याने विचारलं. "इंग्लंडच्या राजाच्या की आपल्या?"

"आमच्यात बोलणं नव्हतं," गॅरी म्हणाला. "सहा वर्षं."

"राजावरून?"

"जमिनीवरून."

"किती होती जमीन?"

"सोळा फूट."

लोक हसले. टोपीवालाही हसला, आणि हसता हसताच म्हणाला, "मग खरी कुणाची होती?"

मोबाइल धरणाऱ्याने हात बदलला.

"त्याची," गॅरी म्हणाला. "जागा त्याची होती. मी लाटली, आणि आईपाशी खोटं बोललो."

आधी एक बाई टाळ्या वाजवायला लागली, मग सगळेच. "बघ," टोपीवाला बायकोला म्हणाला, "आणि तू म्हणत होतीस बोटीतून फिरू." पेनीवेल टाळ्या पडल्या की कमरेत वाकतो. गॅरी वाकला. फेरीचे दोन थांबे उरले होते, ते त्याने पुरे केले. आता घाई नव्हती.

अंत्यविधी झाल्यावर व्यवस्थापकाने त्याला बोलावलं. टोपीवाला तपासनीस नव्हता. दातांचा डॉक्टर होता, आणि त्याने कंपनीला दोन पानी कौतुक लिहून पाठवलं होतं.

"फार वाईट झालं, गॅरी," व्यवस्थापक म्हणाला. मग त्याने टेबलावरचा कागद सरळ केला. "ते भावाचं जे आहे ना, ते रोज जमेल का? तुला त्रास होणार नसेल तर."

गॅरीने विचार केला.

"डोलोरेसला धावायला लावू नका," तो म्हणाला. "तिचे गुडघे दुखतात."

आता लेनी दिवसातून तीनदा जातो, अकराला, दोनला आणि चारला, आणि तिन्ही वेळा गॅरी लोकांसमोर त्याची जागा त्याला परत देतो. सोमवारी फेऱ्या बंद असतात. त्या दिवशी लेनी जिवंत असतो आणि दोघांचा अबोला असतो.