कॅशेमधली नोंद

"आमच्या हिचं नाव यादीत न्हाई म्हंजे?" भूपाल मगदुमांनी घाबरून विचारलं. पुरातून नवराबायकोला वेगवेगळ्या बोटींनी हलवलं होतं आणि छावण्यांच्या वेबसाइटचा डेटाबेस बंद पडला होता.

वेबसाइट सांभाळणाऱ्या मृण्मयीला एकच आशा होती. ताज्या नोंदी तासभर सर्व्हरच्या तात्पुरत्या साठ्यात, कॅशेमध्ये राहतात. "काका, काकूंचा मोबाइल नंबर सांगा." त्या नंबरची ‘की’, म्हणजे नोंद शोधायची खूण, कॅशेमध्ये आहे का, एवढंच तिनं सर्व्हरला विचारलं.

उत्तर आलं, ‘आहे’. तिनं घाईनं नोंद उघडली: आक्काताई मगदूम, कन्याशाळेची छावणी. तिथल्या स्वयंसेवकाला फोन लावून तिनं तो काकांच्या हातात दिला.

"अवो, जेवलासा काय?" पलीकडून काकूंचा आवाज आला.

"आता जेवतो," काका म्हणाले आणि डोळे पुसत खाली बसले.