सूर आपुलकीचा ठेव

"मुलाकडच्यांचा मेसेज आलाय. माझा चष्मा सापडत नाहीये, तूच वाच मोठ्यानं," म्हणत बाबांनी फोन माझ्या हातात दिला. परवा पाहुणे आले तेव्हा एवढ्या उकाड्यातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसले होते. आज मात्र बनियनवर होते.

मी मेसेज उघडला आणि काय घडलंय ते लगेच कळलं. ऑफिसात मी दिवसभर एआयला अशाच सूचना लिहिते. त्यांनी घाईघाईत एआयचं उत्तर पाठवायचं सोडून त्याला दिलेली सूचनाच आम्हाला पाठवली होती.

'तू अनुभवी मध्यस्थ आहेस. मुलीच्या वडिलांना नकार लिही. मुलगी पसंत आहे. खरं कारण म्हणजे वडिलांच्या हातांवर कोड आहे, उद्या नातवंडांना झालं तर? हे चुकूनही लिहू नकोस. पत्रिका जुळत नाही म्हण. सूर आपुलकीचा ठेव.'

सूचना इतकी चोख होती की मलाही तीत काही सुधारता आलं नसतं.

"अगं, काय म्हणतायत?" पांढऱ्या डागांचे हात एकमेकांवर चोळत बाबांनी विचारलं.

"सप्रेम नमस्कार," मी वाचू लागले. "तुमच्या घरी फार आपलेपणा वाटला. मुलगी आम्हाला मनापासून आवडली. पण पत्रिका जुळत नाही, याचं आम्हालाच वाईट वाटतंय. लोभ असू द्यावा."

मेसेज पुसून टाकून मी फोन परत दिला.

"माणसं भली आहेत गं," बाबा म्हणाले. "हल्ली इतकं मनापासून कोण लिहितं?"