तालमीनंतरची तालीम

मद्रासच्या स्टुडिओत चित्रीकरण आटोपलं की दिग्दर्शक अलिवेलूला रोज थांबवून घेई. "तालीम असते," ती नवऱ्याला सांगे. पेरय्याला ते पटत नव्हतं. त्या दोघांचं शोकनाटक आंध्रात गावोगाव गाजलं होतं. बायकोवर संशय घेऊन तिचा जीव घेणारा नवरा तो करी, आणि ती बायको अलिवेलू. आता त्या नाटकाचाच तेलुगू सिनेमा होत होता, त्याच दोघांना घेऊन. सगळं नाटक तोंडपाठ असलेल्या बाईला कसली आलीय तालीम?

एका संध्याकाळी एकटाच घरी निघालेला तो अर्ध्या वाटेतून स्टुडिओत परतला आणि मेकअपच्या खोलीबाहेर कान देऊन उभा राहिला.

"साहेब, त्यांना काढू नका," अलिवेलू काकुळतीने म्हणत होती. "ते नसतील तर मीही काम करणार नाही."

"अहो बाई, ते रंगमंचावरच्यासारखे ओरडतात. सिनेमात ते चालत नाही. रोज थांबवून तुम्हाला किती दिवस हेच समजावू?"

पेरय्या दार ढकलून आत गेला.

"दुसरा नट घ्या, साहेब," तो म्हणाला. "पण हिलाच ठेवा. हिच्यासारखी नायिका तुम्हाला मिळायची नाही."

दिग्दर्शकाने सुटकेचा श्वास सोडला. अलिवेलू मात्र पेरय्याकडे एकटक बघत होती.

"तुम्ही दाराबाहेर कशाला उभे होता?" तिने विचारलं.