तळकडी

"पुन्हा सांग मामा, पण या वेळी हातातली हातोडी खाली ठेव. गिऱ्हाईक घाबरेल," भाची म्हणाली.

मामा हसला. हातोडी मात्र हातातच राहिली.

भाचीने मोबाइल पुन्हा त्याच्यावर रोखला. बाजारात मोठ्या कंपनीच्या स्वस्त कड्या आल्या आणि मामाच्या छोट्या कारखान्याला घरघर लागली. आता यंत्रं विकायची, नाहीतर जाहिरात करायची. जाहिराती हे भाचीचं काम. लोकांना नुसती वस्तू नको असते, वस्तूमागची खरी गोष्ट लागते, हे ती कालपासून घोकत होती. आणि गोष्ट असणार ती तळकडीचीच. सगळे कडी दाराच्या मध्यावर नाहीतर वर बसवतात. ही दाराच्या अगदी तळाला, जमिनीला टेकून बसते. अशी कडी दुसरं कोणी करत नव्हतं.

"चोर वरची कडी उचकटतो," मामा मोबाइलकडे बघत म्हणाला. "खाली त्याचं लक्षच जात नाही. डोकं लागतं त्याला!"

"पण मग ही न्यायला बायकाच का येतात? एक नेली की बहिणीसाठी दुसरी मागतात."

"वाकायची सवय बायकांनाच असते!" मामा स्वतःच्याच विनोदावर खदखदला.

"हे कापून टाकते मी. सुचलं कसं ते सांग ना. त्या दिवशी काय झालं होतं?"

मामाने हातोडी या हातातून त्या हातात घेतली. कोपऱ्यात मामी कड्यांच्या कडा कानशीने घासत होती. लहानपणापासून सुट्ट्या इथे काढूनही तिचा आवाज भाचीने फारसा ऐकलाच नव्हता. घासणं थांबलं.

"तळकडी ह्यांनी नाही केली," मामी म्हणाली. "मी केली."

हातोडी मामीच्या कानाजवळून गेली आणि पत्र्यावर आदळली. निसटली असेल, असं भाचीला वाटलं. तेवढ्यात मामाने मामीचा अंबाडा धरला आणि तिचं तोंड टेबलाच्या काठावर आपटलं. पुन्हा आपटलं.

"भाचीसमोर मला खोटं पाडतेस?"

कड्या खणखणत सांडल्या. मामी कोसळली. त्याने बरगडीत लाथ घातली. आत काहीतरी मोडल्याचा आवाज भाचीने स्पष्ट ऐकला.

"मामा, मरेल ती!"

ती मध्ये पडली. त्याने तिला दंडाला धरून भिरकावलं. मालाच्या खोलीच्या उंबऱ्यावर ती पालथी पडली, ओठ फाटला. वळून पाहिलं तर लहानपणी तिला खांद्यावर बसवून फिरवणारा मामा लोखंडी सळई निवडत होता. हलकी बाजूला टाकून त्याने जड उचलली.

मामी रांगत आली. तिने भाचीला खांद्याने आत रेटलं, पायाने दार लोटलं आणि न बघताच हात जमिनीवरून पुढे नेला. कडी सरकली.

दारावर सळई बसली. पुन्हा बसली. वरची फळी फुटली. फटीतून मामाचा रक्ताळलेला हात आत आला, चाचपडला, शिव्या देत खाली खाली आला. कडीपर्यंत पोचला नाही.

मोबाइल अजून भाचीच्या मुठीतच होता. तिने पोलिसांना फोन लावला. पत्ता सांगितला. मग तिच्या लक्षात आलं, सगळं मोबाइलमध्ये उतरलं होतं.

"पुसून टाकते मामी. कोणाला दाखवणार नाही. देवाशपथ."

मामीने तोंडातलं रक्त थुंकलं.

"पुसू नकोस. खरी गोष्ट हवी होती ना तुला? लाव पुन्हा."

भाचीने मोबाइल तिच्यावर धरला. बाहेर घाव चालूच होते. मामी तशीच पडून होती. गाल फरशीला टेकलेला, बोटं कडीवर.

"उभं राहता येत नाही," ती म्हणाली, "तेव्हा हात इथवरच पोचतो."